डीयूआयची जुनी नोंद आणि अमेरिकेतली ‘पब्लिक ट्रस्ट’ नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेडरल खात्यात किंवा खात्याच्या कॉन्ट्रॅक्टवर काम मिळतं, ऑफर लेटर येतं, आणि पाठोपाठ ‘पब्लिक ट्रस्ट’चा लांबलचक फॉर्म भरायला सांगणारा ईमेल येतो. ज्याच्या नावावर कधीकाळी दारू पिऊन गाडी चालवल्याची, म्हणजे डीयूआयची, शिक्षा आहे, त्याची झोप तिथेच उडते. आपल्या लोकांत या विषयावर उघड कुणी बोलत नाही. त्यामुळे माहिती कुजबुजीतून फिरते आणि त्यात भलत्याच गोष्टी मिसळतात. खालचे प्रश्न त्या कुजबुजीतलेच आहेत. उत्तरं फेडरल नोकऱ्यांपुरती आहेत. राज्य सरकारं आणि काउंट्या यांचे नियम वेगळे असतात. खटला अजून चालू असेल तर एवढं वाचून थांबू नका, वकील गाठा.

एकदा डीयूआय झालं म्हणजे सरकारी काम कायमचं बंद का?

नाही. ‘डीयूआय असेल तर पब्लिक ट्रस्ट देऊ नये’ असा फेडरल नियम नाही. एकच प्रकरण, काही वर्षांपूर्वीचं, कुणाला इजा नाही, दंड भरलेला, प्रोबेशन (कोर्टाच्या देखरेखीचा काळ) संपलेलं आणि फॉर्मवर खरंखरं लिहिलेलं असेल, तर सहसा काम अडत नाही. अडतं ते लपवलं म्हणून, कोर्टाचं काही अर्धवट सोडलं म्हणून, किंवा पुन्हा पुन्हा झालं म्हणून. पुढचं बहुतेक सगळं या तीन गोष्टींभोवतीच आहे.

पब्लिक ट्रस्ट म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्सच ना?

नाही, जरी ऑफिसात सगळे त्याला ‘क्लिअरन्स’च म्हणत असले तरी. क्लिअरन्स गोपनीय माहितीसाठी असतो. पब्लिक ट्रस्टमध्ये गोपनीय कागद हाताळायचे नसतात. पण लोकांचे करपरतावे, आरोग्याच्या नोंदी, सोशल सिक्युरिटीची माहिती, सरकारी पैसा किंवा मोठ्या संगणक यंत्रणा हातात येतात. अशा जागांची जोखीम ठरवली जाते: कमी, मध्यम किंवा जास्त. मध्यम आणि जास्त जोखमीच्या जागा म्हणजे पब्लिक ट्रस्ट. कमी जोखमीसाठी एसएफ-८५, पब्लिक ट्रस्टसाठी एसएफ-८५पी आणि क्लिअरन्ससाठी एसएफ-८६ हे फॉर्म वर्षानुवर्षं चालत आले आहेत. आता या सगळ्यांच्या जागी एकच प्रश्नावली आणण्याचं काम सुरू आहे, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका.

तपास बहुतेक वेळा डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते; १ ऑक्टोबर २०१९ पासून हे काम तिच्याकडे आलं. मात्र डीसीएसए सहसा निकाल देत नाही. ती माहिती गोळा करते, आणि घ्यायचं की नाही हे ज्या खात्यात तुम्ही काम करणार ते खातं ठरवतं. म्हणूनच एकाच माणसाला एका खात्यात होकार आणि दुसऱ्यात नकार मिळू शकतो. त्यावरून ‘नियमच नाहीत’ असा अर्थ काढू नये. नियम आहेत, पण ते वापरणारा माणूस समोरची जागा बघून वापरतो.

मग निकाल देताना नेमकं काय बघतात?

फेडरल नियमावलीचा ७३१ वा भाग इथे लागू होतो. त्यात नाकारण्याची मोजकी कारणं दिली आहेत: आधीच्या नोकरीतलं गैरवर्तन, गुन्हेगारी वर्तन, भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटं बोलणं, अमली पदार्थ, दारूचं अतिसेवन वगैरे. डीयूआय दोन ठिकाणी बसू शकतं. एक, गुन्हेगारी वर्तन म्हणून. दुसरं, दारूच्या समस्येची खूण म्हणून. या दुसऱ्या कारणाची भाषा नीट वाचण्यासारखी आहे. नुसतं पिणं हा तिथे मुद्दा नाही. पिण्याचं स्वरूप आणि कालावधी असा हवा की माणूस ते काम करू शकणार नाही किंवा इतरांना धोका होईल असं वाटावं, आणि सुधारणेचा पुरावाही नसावा. एका रात्रीच्या चुकीतून एवढं सिद्ध होत नाही.

कारण सापडलं तरी लगेच नकार देत नाहीत. त्यानंतर आणखी काही गोष्टी तोलून बघाव्या लागतात: जागा कुठली आहे, प्रकार किती गंभीर होता, परिस्थिती काय होती, किती जुना आहे, तेव्हा वय काय होतं, भोवतालच्या परिस्थितीचा त्यात वाटा होता का, आणि त्यानंतर माणूस सुधारला का. २२ व्या वर्षी कॉलेज संपताना झालेलं डीयूआय आणि ४५ व्या वर्षी, मागच्या हिवाळ्यात झालेलं डीयूआय, दोन्हींचं कलम एक असलं तरी वजन एक नसतं.

गंभीरता कशी मोजतात? श्वासाच्या चाचणीत आकडा किती आला, अपघात झाला का, कुणी जखमी झालं का, गाडीत लहान मूल होतं का, पोलिसांशी झटापट झाली का, लायसन्स निलंबित असताना गाडी चालवत होतात का. न्यूयॉर्कमध्ये १६ वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर पहिलंच प्रकरण फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होतं. रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा जवळपास सगळ्या राज्यांत ०.०८ आहे, यूटामध्ये ३० डिसेंबर २०१८ पासून ०.०५. तुमचा आकडा ०.०९ होता की ०.२१, हे अधिकारी नक्की वाचतो. ०.२१ ला माणूस गाडीपर्यंत चालत जाऊन ती सुरू करू शकला, म्हणजे शरीराला सवय आहे, असा तर्क तिथे केला जातो. तो कडक वाटला तरी गैरलागू नाही.

किती वर्षं मागचं सांगायचं? माझं तर आठ वर्षांपूर्वीचं आहे.

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. एसएफ-८५पी मधले पोलीस नोंदींचे प्रश्न मागच्या सात वर्षांचे आहेत, हे खरं. पण सात वर्षं कशाला धरून मोजायची ते बघा. अटक, आरोप, दोषी ठरणं, शिक्षा, प्रोबेशन, असे वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि यातली एकही गोष्ट त्या सात वर्षांत येत असेल तर उत्तर ‘हो’ होतं. समजा गाडी अडवली आठ वर्षांपूर्वी, कोर्टाचा निकाल आला साडेसात वर्षांपूर्वी, आणि तीन वर्षांचं प्रोबेशन लागलं. अटक आणि निकाल सात वर्षांच्या खिडकीबाहेर गेले. पण प्रोबेशन साडेचार वर्षांपूर्वीपर्यंत चालू होतं, म्हणजे ते खिडकीच्या आत आहे. प्रकरण लिहावं लागेल.

नेमणुकीच्या वेळचा ओएफ-३०६ हा छोटा फॉर्मही सात वर्षांतली शिक्षा, तुरुंगवास, प्रोबेशन आणि पॅरोल विचारतो. एसएफ-८६ मात्र दारू किंवा ड्रग्जशी संबंधित आरोपाबद्दल ‘आयुष्यात कधीही’ असं विचारतो. त्यामुळे आज पब्लिक ट्रस्टसाठी न सांगितलेली वीस वर्षांपूर्वीची गोष्ट उद्या क्लिअरन्ससाठी सांगावी लागते. तेव्हा घाबरायचं कारण नाही. प्रत्येक फॉर्मला त्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, आणि दोन फॉर्मचे प्रश्नच वेगळे आहेत.

खिडकीबाहेरचं आपणहून लिहावं का? फॉर्मवर नाही. मुलाखतीत थेट विचारलं तर सांगा.

तीनशे डॉलरच्या आतले ट्रॅफिक दंड लिहायचे नसतात म्हणे. माझा दंड अडीचशेच होता.

ती सवलत साध्या ट्रॅफिक दंडांसाठी आहे. एसएफ-८५पी मध्ये त्याच वाक्यात पुढे अट आहे की प्रकरणात दारू किंवा ड्रग्ज नसावेत. दंड कितीही असो, डीयूआय लिहायचंच.

आमच्या राज्यात पहिलं डीयूआय हा गुन्हाच नाही, नुसतं तिकीट आहे. तरीही?

तरीही. न्यू जर्सीत ते वाहतूक नियमभंगात मोडतं, विस्कॉन्सिनमध्ये पहिलं प्रकरण दिवाणी दंडावर मिटतं, हे बरोबर आहे. त्याचा उपयोग स्पष्टीकरणात जरूर करा: ‘राज्याच्या कायद्याने हा गुन्हा नाही’ हे एक वाक्य लिहायला काहीच हरकत नाही. पण दारूची ही अट राज्य बघून बदलत नाही, आणि अटक झाली असेल तर अटकेचा प्रश्न वेगळा आहेच. डीयूआय, डीडब्ल्यूआय, ओडब्ल्यूआय, ओयूआय या नावांच्या फरकातही अडकू नका.

माझी नोंद कोर्टाने एक्सपंज केली, म्हणजे पुसून टाकली आहे. वकिलाने सांगितलं की आता कायद्याने ती घडलीच नाही.

वकील राज्याच्या कायद्यापुरतं बरोबर सांगतो. एसएफ-८५पी च्या सूचना मात्र स्वच्छ सांगतात की नोंद सील झाली, एक्सपंज झाली, कोर्टाच्या दप्तरातून काढली किंवा आरोप मागे घेतला, तरी माहिती द्यायची. अपवाद आहे तो फेडरल अमली पदार्थ कायद्याखालच्या काही विशिष्ट एक्सपंज आदेशांचा. डीयूआयचा त्यात संबंध नाही.

आता गंमत बघा. ओएफ-३०६ च्या सूचनांत नेमकं उलट आहे: कायद्याने एक्सपंज झालेली शिक्षा तिथे वगळता येते. म्हणजे एकाच नोकरीसाठी, एकाच आठवड्यात, एका फॉर्मवर तुम्ही ‘नाही’ लिहू शकता आणि दुसऱ्यावर ‘हो’ लिहावंच लागतं, आणि दोन्ही उत्तरं खरी असतात. सरकारी कागदपत्रांची ही तऱ्हा नवीन नाही. कुणी विसंगती दाखवलीच तर दोन्ही फॉर्मच्या सूचना छापून जवळ ठेवा.

एक्सपंज झालेली नोंद सापडत कशी, असं विचारणारेही भेटतात. बोटांचे ठसे सहसा अटकेच्या वेळीच एफबीआयकडे गेलेले असतात. राज्याच्या कोर्टाने आपलं दप्तर पुसलं तरी तिथली नोंद पुसली जाईलच याची खात्री नसते.

मी दोषी ठरलोच नाही. डायव्हर्जन (शिक्षेऐवजी सुधारणेचा कार्यक्रम) झालं किंवा ‘रेकलेस’वर मिटलं.

पेनसिल्वेनियातला एआरडी असो की आणखी कुठला पहिल्या वेळच्या आरोपींसाठीचा कार्यक्रम, ‘दोषी ठरलात का’ याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. ‘अटक झाली का’, ‘आरोप ठेवला का’ यांचं मात्र ‘हो’च येतं. कॅलिफोर्नियात डीयूआयचा आरोप खाली आणून रेकलेस ड्रायव्हिंगवर तडजोड होते, तिला वकील मंडळी ‘वेट रेकलेस’ म्हणतात. तिथे मूळ आरोप आणि अंतिम आरोप दोन्ही लिहा. फक्त ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ लिहून मोकळं होणं म्हणजे अर्धं सांगणं. पोलीस अहवाल उघडला की पहिल्या ओळीत दारू असते, आणि मग वाचणाऱ्याचं लक्ष डीयूआयवरून तुमच्या प्रामाणिकपणाकडे वळतं.

भारतात ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत पकडलं होतं. ते मोजतात का?

सात वर्षांच्या आतलं असेल तर हो. घटना अमेरिकेतली असो की बाहेरची, ती द्यावी लागते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, म्हणजे इथल्या हिशोबात ०.०३. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; ही दंडाची रक्कम २०१९ च्या दुरुस्तीनंतरची. तिथल्या आकड्यावर अमेरिकेत कदाचित गुन्हाही झाला नसता, आणि हे स्पष्टीकरणात लिहिण्याजोगं आहे. दंडाची पावती किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत मिळवून ठेवा. गावाकडच्या नातेवाइकाला दंडाधिकारी कोर्टात पाठवून प्रत काढायला वेळ लागतो, तेव्हा फॉर्म येण्याआधीच सुरुवात केलेली बरी.

नाहीच सांगितलं तर?

डीयूआयचा प्रश्न ‘काही वर्षांपूर्वी चूक झाली’ एवढाच असतो. तो काळाबरोबर हलका होत जातो. फॉर्मवर खोटं लिहिलं की नवा प्रश्न उभा राहतो, त्याची तारीख आजची असते आणि त्याला सुधारणेचा एक दिवसही मिळालेला नसतो. जाणूनबुजून केलेलं महत्त्वाचं खोटं विधान हे नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. त्यावरून फेडरल नोकऱ्यांतून तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. फेडरल फौजदारी कायद्याच्या कलम १००१ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. डीयूआयसाठी कुणी तुम्हाला पाच वर्षं आत टाकलं नसतं.

विसरून राहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तपास अधिकारी समोर बसला की त्याने विचारण्याआधी आपणहून दुरुस्ती सांगा. त्याने कागद पुढे सरकवल्यावर ‘अरे हो, ते राहिलं’ म्हणण्याला फारशी किंमत नसते.

स्पष्टीकरणाच्या जागी काय लिहावं?

थोडक्यात, तारखांसह, रडगाणं न गाता. कुठे आणि कधी अडवलं, चाचणीचा आकडा, कुठलं कोर्ट, कुठला आरोप, काय निकाल, काय शिक्षा, ती कधी पुरी झाली. मग दोन वाक्यं त्यानंतर काय बदललं याची. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजे असल्याची खूण करण्याची सोय फॉर्ममध्ये असते. ती वापरा, पण आधी कोर्टाच्या क्लार्ककडे चौकशी करा.

काय लिहू नये तेही सांगतो. ‘दोनच बिअर घेतल्या होत्या’ हे वाक्य तपासणाऱ्यांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं की ०.१६ च्या शेजारी ते दिसलं की पुढच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. पोलिसाने मुद्दाम पकडलं, वर्णभेद केला, वकील नालायक निघाला, हे सगळं खरं असलं तरी ही जागा त्याची नव्हे. तुम्ही कोर्टात गुन्हा कबूल केला असेल तर इथे पुन्हा खटला लढवण्यात अर्थ नाही. मित्रांनी आग्रह केला म्हणून प्यायलो, हेही टाळा.

कुठले कागद जमवावेत?

कोर्टाच्या अंतिम निकालाची प्रमाणित प्रत सगळ्यात महत्त्वाची. जुनं दप्तर नष्ट झालं असेल तर तसं क्लार्ककडून लेखी घ्या. ते पत्रही पुरावाच आहे. त्यानंतर दंड भरल्याच्या पावत्या, प्रोबेशन संपल्याचं पत्र, डीयूआय वर्ग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, लायसन्स परत मिळाल्याची नोंद. गाडीत इग्निशन इंटरलॉक (श्वासात दारू आढळली तर गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) बसवावं लागलं असेल तर ते काढायला परवानगी मिळाल्याचा कागद.

कोर्टाने सांगितलेलं केलं, ही किमान अपेक्षा. कोर्टाने न सांगता केलेलं जास्त बोलतं: स्वतःहून करून घेतलेलं मूल्यमापन, समुपदेशन, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बैठका. पण दारूची समस्या नसताना निव्वळ दाखवण्यासाठी घाईघाईने बैठकांना जाऊ नका. फॉर्म भरायच्या आदल्या महिन्यात सुरू झालेली सुधारणा कुणालाही ओळखू येते. आधीच्या वरिष्ठांनी लिहिलेलं कामाबद्दलचं पत्र मात्र चालतं, त्यांना प्रकरण माहीत असेल तर जास्तच.

दोन डीयूआय असतील तर?

इथे सूर बदलतो. दोन म्हटलं की ‘एकदाच घडलं’ हा युक्तिवाद जातो आणि वाचणारा सवय शोधू लागतो. दोन्हींमध्ये अंतर किती, दुसऱ्याला किती वर्षं झाली, मधे उपचार घेतले का, यावर सगळं अवलंबून. पंधरा वर्षांपूर्वीची दोन आणि त्यानंतर स्वच्छ इतिहास असलेल्यांना जागा मिळतात. मागच्या तीन वर्षांत दोन झाली असतील तर जास्त जोखमीच्या जागेसाठी आत्ता अर्ज करणं वेळ वाया घालवणं आहे, असं माझं स्पष्ट मत. अशा वेळी व्यावसायिक मूल्यमापनाचा अहवाल नसेल तर फाईल लंगडी पडते.

केस चालू आहे किंवा प्रोबेशन संपलेलं नाही.

चालू खटल्यात खातं बहुतेक वेळा निकालाची वाट बघतं, आणि कॉन्ट्रॅक्टच्या कंपन्यांना वाट बघायला वेळ नसतो. जागा दुसऱ्याला जाते. हा नियमानुसार नकार नसला तरी परिणाम तोच. प्रोबेशन चालू असताना होकार मिळणं अशक्य नाही, पण अवघड आहे, कारण कोर्टानेच अजून तुम्हाला पूर्ण मोकळं केलेलं नाही. सहा महिने उरले असतील आणि ऑफर पुढे ढकलता येत असेल, तर ढकला.

न भरलेला दंड किंवा चुकलेल्या तारखेवरून निघालेलं वॉरंट असेल तर ते आधी मिटवा. दीडशे डॉलरचा राहिलेला दंड डीयूआयपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो आजचा निष्काळजीपणा दाखवतो.

कंपनी पहिल्याच फोनवर गुन्ह्याबद्दल विचारू शकते का?

‘फेअर चान्स’ कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला आणि डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार फेडरल खाती, आणि फेडरल कॉन्ट्रॅक्टच्या कामासाठी माणसं घेणाऱ्या कंपन्या, सशर्त ऑफर देण्याआधी गुन्ह्याचा इतिहास विचारू शकत नाहीत. गोपनीय माहितीच्या, संवेदनशील आणि पोलीस स्वरूपाच्या जागा अपवाद आहेत. रिक्रूटरने आधीच विचारलं तर भांडायची गरज नाही; ‘ऑफरनंतरच्या टप्प्यावर सगळी माहिती देईन’ एवढं पुरेसं आहे.

मी नागरिक नाही. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी आहे.

खात्याच्या पगारावरच्या बहुतेक जागा १९७६ च्या एका कार्यकारी आदेशामुळे नागरिकांसाठी राखीव आहेत. कॉन्ट्रॅक्टवरच्या कामात ग्रीन कार्डधारकांना अनेक खाती घेतात, बऱ्याचदा मागच्या पाचपैकी तीन वर्षं अमेरिकेत राहिल्याची अट असते. एच-१बी वर दार फार अरुंद.

पण नागरिक नसलेल्यांना डीयूआय नोकरीपेक्षा इमिग्रेशनमध्ये जास्त बोचतं. साध्या डीयूआयच्या एका शिक्षेवरून सहसा हद्दपारी होत नाही. डीयूआय हा ‘हिंसक गुन्हा’ धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या लिओकाल खटल्यात फ्लोरिडाच्या कायद्याबाबत ठरवलं. तरी परराष्ट्र खातं मागच्या पाच वर्षांतल्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं. तुम्ही अमेरिकेतच असाल तर सहसा लगेच काही होत नाही, पण भारतात जाऊन परतताना नवा व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी यातून जावं लागतं. लग्नाला म्हणून दोन आठवड्यांसाठी गेलेला माणूस असा अडकून पडतो. नागरिकत्वाच्या अर्जात, नियमाने बघायच्या काळात दोन डीयूआय शिक्षा असतील तर चांगल्या वर्तनाचा अभाव गृहीत धरायचा, असा निर्णय २०१९ चा आहे. या भागासाठी इमिग्रेशनचाच वकील हवा. डीयूआय लढवणारा बरेचदा हे बघत नाही.

मंडळातल्या लोकांना कळेल का? बायकोला माहीत नाही.

जास्त जोखमीच्या जागांसाठी तपास अधिकारी शेजारी, सहकारी, ओळखीचे यांना भेटतो. तो प्रश्न विचारतो, तुमची फाईल वाचून दाखवत नाही. पण ‘दारूबद्दल कधी काही अडचण ऐकली का’ असा प्रश्न आला की ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. संदर्भ म्हणून कुणाचं नाव द्यायचं हे तुमच्या हातात आहे. गणेशोत्सवाच्या कमिटीतला सगळ्यात बोलका माणूस त्या यादीत घालायची सक्ती नाही. कंपनीला सहसा निकाल कळतो, तपशील नाही. मात्र कंपनीने स्वतःची खाजगी तपासणी वेगळी केली तर त्यात शिक्षा दिसू शकते.

बायकोला आधी सांगा. तिला हे अनोळखी माणसाच्या तोंडून कळू नये.

पब्लिक ट्रस्ट आधीच मिळाला आहे आणि मागच्या आठवड्यात डीयूआय झालं.

खात्याचा किंवा कॉन्ट्रॅक्टचा कळवण्याचा नियम शोधा. मुदत बरेचदा काही दिवसांचीच असते. आधी वकिलाशी बोला, मग लेखी कळवा: तारीख, ठिकाण, आरोप, पुढची कोर्टाची तारीख, बस. कोण चूक कोण बरोबर हे कोर्टात. पूर्वी पुढची तपासणी पाच वर्षांनी व्हायची, त्यामुळे लोक गप्प बसत. आता सततच्या तपासणीची पद्धत पब्लिक ट्रस्टच्या जागांवरही आणली जात आहे आणि अटकेची नोंद वरपर्यंत आपोआप पोचू शकते. ती तुमच्या ईमेलच्या आधी पोचू नये.

कामात गाडी चालवावी लागणार असेल तर?

मग डीयूआयचा कामाशी थेट संबंध येतो आणि मोजमाप कडक होतं. सरकारी वाहन, टपालाची गाडी, इमारतींची पाहणी करत फिरणं, सगळं यात आलं. सीडीएल (व्यावसायिक वाहन चालवण्याचं लायसन्स) धारकाला पहिल्या डीयूआयला एक वर्ष आणि दुसऱ्याला आयुष्यभर अपात्रता, तीही स्वतःच्या गाडीत झालं असलं तरी. डेटाबेस सांभाळणाऱ्याला यातलं काही लागू नाही.

नकार आला. पुढे काय?

आधी नकार कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. खात्याच्या नियमित जागेसाठी ७३१ खाली अपात्र ठरवायचं असेल तर आधी कारणांसह नोटीस येते आणि उत्तराची संधी मिळते. अंतिम निर्णयाविरुद्ध मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडे ३० दिवसांत अपील, अशी व्यवस्था चालत आली आहे. हे नियम बदलू शकतात, म्हणून नोटिशीत जे कार्यालय आणि जी मुदत लिहिली आहे तीच पाळा. नुसतं ‘निवड झाली नाही’ असं कळवलं असेल तर त्यावर हे अपील चालत नाही.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांची बाजू लंगडी आहे. त्यांना त्या बोर्डाकडे जाता येत नाही. खात्याने स्वतःची फेरविचाराची सोय ठेवली असेल तर तेवढीच. काही खाती कारण न देता ‘प्रतिकूल’ एवढंच कळवतात आणि कंपनी तुम्हाला दुसऱ्या दिवशी प्रकल्पावरून काढते.

दोघांनाही एक गोष्ट करता येते. प्रायव्हसी कायद्याखाली डीसीएसएकडे अर्ज करून आपली तपासाची फाईल मागवा. कधीकधी त्यात दुसऱ्याच कुणाची नोंद मिसळलेली असते, किंवा मिटलेला खटला ‘निकाल उपलब्ध नाही’ म्हणून पडून असतो. निकालाची प्रमाणित प्रत तिथे उपयोगी पडते. आणि एका खात्याचा नकार दुसऱ्या खात्यावर बंधनकारक नसतो; पुढच्या फॉर्मवर आधीच्या नकाराबद्दल विचारलं तर तारीख आणि खात्याचं नाव तेवढं बरोबर लिहा.